कागदपत्रं नसलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्स का देतात, आणि त्याचा एच-वन-बीवाल्यांशी काय संबंध

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणारे एक गृहस्थ, एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर, कंपनीने एक्स्टेन्शन वेळेत फाइल केलं पण निकाल आला नाही, तेवढ्यात आय-94 ची, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, तारीख उलटली आणि त्याच तारखेला टेक्ससचं लायसन्सही संपलं. आता न्यू जर्सीत नोकरी मिळतेय. तिकडे बेकायदेशीर राहणाऱ्यांनाही लायसन्स मिळतं हे वाचून त्यांचा संताप झालाय. त्यांचं म्हणणं, आम्ही टॅक्स भरतो, नियमाने राहतो, आम्हाला हेलपाटे आणि ज्यांनी नियम मोडला त्यांना लायसन्स, वर ते लोक मतदानही करतात, हा कुठला न्याय? आणि शेवटी, न्यू जर्सीत आल्यावर मी आणि बायकोने नेमकं कुठलं लायसन्स घ्यायचं?

मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते आणि जोडीला म्युनिसिपल कोर्टातल्या ट्रॅफिकच्या केसेस घेते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्यासमोर येऊन बसतात. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. स्टेटस काहीही असो, जो माणूस इथे राहतोय आणि गाडी चालवतोय त्याला परीक्षा घेऊन लायसन्स द्यावं असं मला मनापासून वाटतं. आणि तुमचा टेक्ससमधला त्रास त्या लोकांमुळे झालेला नाही, लायसन्सला व्हिसा बांधायची जी पद्धत त्यांना बाहेर ठेवायला आणली तिच्यातच तुम्ही अडकलात. हे नीट समजावं म्हणून जरा मागे जाते.

अमेरिकेत लायसन्स राज्य देतं, इमिग्रेशन बघतं केंद्र. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच राज्यांत डीएमव्हीचा, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या ऑफिसातला, क्लार्क तुमचा व्हिसा बघायचाच नाही, डोळे तपासले, लेखी परीक्षा झाली, गाडी चालवून दाखवली की लायसन्स. 1993 मध्ये कॅलिफोर्नियात गव्हर्नर पीट विल्सन यांनी कायदा केला की सोशल सिक्युरिटी नंबर आणि कायदेशीर वास्तव्याचा पुरावा पाहिजे. गंमत म्हणजे त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने उलटा रस्ता धरला आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांनाही लायसन्स द्यायला सुरुवात केली. मग आलं 9/11. विमानं पळवणाऱ्या 19 जणांपैकी एक सोडून सगळ्यांनी इथली कुठली ना कुठली ओळखपत्रं मिळवलेली होती, काहींनी तर फसवणूक करून, त्यामुळे चौकशी आयोगाने शिफारस केली की ओळखपत्रांसाठी देशभर एक किमान दर्जा ठरवा. त्यातून मे 2005 मध्ये असा दर्जा ठरवणारा रिअल आयडी कायदा आला.

त्या कायद्यात एक कलम आहे जे आपल्या लोकांना रोज छळतं आणि ते कुठून आलं हे बहुतेकांना माहीत नसतं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला रिअल आयडी दर्जाचं लायसन्स द्यायचं असेल तर ते त्याच्या मंजूर मुक्कामाच्या तारखेपर्यंतच द्यायचं, आणि मुक्कामाला ठरावीक शेवट नसेल तर एक वर्षापुरतं. टेक्ससने तर आधीच म्हणजे 2008 मध्ये आपल्या नियमात कायदेशीर वास्तव्याची अट घातली आणि 2011 मध्ये ती कायद्यात आणली, आणि तिथे दुसरा कुठला पर्यायच ठेवला नाही. म्हणून एच-वन-बीवाल्याचं लायसन्स आय-94 बरोबर मरतं. एक्स्टेन्शन वेळेत फाइल झालं असेल तर तुम्हाला 240 दिवसांपर्यंत त्याच कंपनीत काम करायची परवानगी आहे, ती केंद्राच्या नियमातच आहे, पण ऑफिसात जाण्यासाठी गाडी चालवायची परवानगी राज्याच्या काउंटरवर बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर काय दिसतं त्यावर. तो केंद्राच्या सेव्ह नावाच्या सिस्टीममध्ये तुमचं स्टेटस तपासतो, तिथे लगेच उत्तर आलं तर ठीक, नाहीतर पुढच्या तपासणीसाठी थांबा. म्हणजे काम करायचा हक्क आहे आणि कामाला जायचा नाही. डॅलसच्या बाहेरच्या गावांत बस किती आहेत हे तुम्हालाच माहितीये.

आता न्यू जर्सीकडे या. गव्हर्नर फिल मर्फी यांनी डिसेंबर 2019 मध्ये कायद्यावर सही केली, अंमलबजावणी कोविडमध्ये पुढे ढकलली गेली आणि 1 मे 2021 पासून सुरू झाली. त्यात केलं काय, तर लायसन्सचे दोन प्रकार वेगळे केले. एक रिअल आयडी, ज्याला सगळे केंद्राचे पुरावे लागतात. दुसरं स्टँडर्ड, ज्यावर लिहिलेलं असतं की हे रिअल आयडीसाठी नाही, आणि ज्याला इमिग्रेशन स्टेटसचा पुरावा लागत नाही. ओळख पटवायला लागते, पत्ता लागतो, पॉइंट्स मोजून सहा भरतील इतकी कागदपत्रं लागतात, परीक्षा तीच. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर टॅक्सवाला आयटीआयएन चालतो, तोही नसेल तर आपण त्या नंबरला पात्र नाही असं लिहून द्यायचं.

ह्या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की स्टँडर्ड लायसन्स फक्त कागद नसलेल्यांसाठी नाहीये. ज्या सिटिझनला रिअल आयडीची भानगड नकोय तोही तेच घेतो, ग्रीन कार्डवाला घेतो, तुम्ही घेऊ शकता. कार्ड बघून पोलिसाला कळत नाही की समोरचा कोण आहे. काही राज्यांनी असं केलं नाही, वेगळ्या नावाचं वेगळं कार्ड काढलं, जे फक्त स्टेटस नसलेल्यांनाच मिळतं, आणि त्याचा परिणाम काय झाला तर 2023 मध्ये फ्लोरिडाने कायदा करून सांगून टाकलं की असली दुसऱ्या राज्यांची कार्डं आमच्याकडे चालणार नाहीत, आणि कनेक्टिकट, व्हरमाँटसारख्या राज्यांची ती खास कार्डं यादीत टाकली. कनेक्टिकटमध्ये परीक्षा पास झालेला माणूस फ्लोरिडात पोचला की विनापरवाना. कार्डावरच माणसाची जात लिहिल्यासारखं आहे हे, आणि म्हणून मला न्यू जर्सीची पद्धत बरी वाटते.

आजच्या घडीला 19 राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी स्टेटस न बघता लायसन्स किंवा ड्रायव्हिंग कार्ड देतात. लोकांना वाटतं हे सगळं डेमोक्रॅट राज्यांचं आहे, पण यूटासारखं कट्टर रिपब्लिकन राज्य 2005 पासून ड्रायव्हिंग प्रिव्हिलेज कार्ड देतंय, कारण तिथल्या लोकांनी हिशोब केला की हे लोक गाडी तर चालवणारच आहेत, मग निदान परीक्षा आणि इन्शुरन्स असू दे. न्यू मेक्सिकोने 2003 ला सुरू केलं, मग तिथे रिपब्लिकन गव्हर्नर सुझाना मार्टिनेझ यांनी वर्षानुवर्षं ते रद्द करायचा प्रयत्न केला आणि शेवटी 2016 मध्ये दोन प्रकारच्या कार्डांवर तडजोड झाली.

राजकारण्यांना ह्या विषयाने चांगलंच पोळलंय. कॅलिफोर्नियाचे ग्रे डेव्हिस यांनी 2003 च्या सप्टेंबरमध्ये असा कायदा सही केला तेव्हा त्यांच्या विरोधात रिकॉल, म्हणजे मुदतीआधी पदावरून काढायची, निवडणूक तोंडावर होती, ऑक्टोबरमध्ये ते पडले, अर्नोल्ड श्वार्झनेगर आले आणि डिसेंबरपर्यंत तो कायदा रद्दसुद्धा झाला. न्यूयॉर्कचे एलियट स्पिट्झर यांनी 2007 मध्ये घोषणा केली, इतका गदारोळ झाला की नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावी लागली, आणि त्याच दिवसांत फिलाडेल्फियाच्या डिबेटमध्ये हिलरी क्लिंटन यांना विचारलं की तुमचा पाठिंबा आहे का, तर त्यांना हो की नाही धड सांगता आलं नाही आणि ते प्रकरण त्यांना पुढे कितीतरी दिवस चिकटलं. ऑरेगॉनमध्ये विधानसभेने केलेला कायदा 2014 ला लोकांनी मतदानात जवळजवळ दोन तृतीयांश बहुमताने पाडला. आणि मग हवा बदलली. कॅलिफोर्नियात एबी 60 हा कायदा जेरी ब्राउन यांनी 2013 मध्ये सही केला आणि जानेवारी 2015 पासून लागू झाला, पहिल्याच वर्षात सहा लाखांवर लोकांनी लायसन्स घेतलं. न्यूयॉर्क, ऑरेगॉन आणि न्यू जर्सीने 2019 ला केलं, मॅसॅच्युसेट्समध्ये तर 2022 मध्ये गव्हर्नरचा व्हेटो मोडून कायदा झाला, विरोधकांनी तो लोकांच्या मताला टाकला आणि लोकांनी तो ठेवला. म्हणजे आठ वर्षांत ऑरेगॉनच्या मतदारापासून मॅसॅच्युसेट्सच्या मतदारापर्यंत बराच फरक पडला. राज्यं वेगळी आहेत हे मान्य, पण मला वाटतं मधल्या काळात आधीच्या राज्यांत आभाळ कोसळलं नाही हे लोकांनी बघितलं.

आता रस्त्यावर काय फरक पडतो ते. इथे दोन्ही बाजूचे लोक फेकतात म्हणून जपून सांगते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एबी 60 नंतरचे कॅलिफोर्नियाचे अपघाताचे आकडे काउंटीवार तपासले आणि 2017 मध्ये छापले. एकूण अपघात वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत. पण ठोकून पळून जाणारे, म्हणजे हिट अँड रन, ते 7 ते 10 टक्क्यांनी कमी झाले, त्यांच्या अंदाजाने पहिल्या वर्षात साधारण चार हजार. मला ह्यात काहीच आश्चर्य वाटलं नाही, कारण असा माणूस का पळतो हे मी कोर्टात ऐकत असते. लायसन्स नाही, गाडी दुसऱ्याच्या नावावर, इन्शुरन्स नाही किंवा आहे तो चालेल की नाही माहीत नाही, मागच्या सीटवर पोरं, आणि डोक्यात एकच की पोलिस आला तर हातकडी, हातकडी लागली तर बोटांचे ठसे, ठसे गेले की आयसला, म्हणजे इमिग्रेशनच्या पोलिसांना, कळणार. लायसन्स खिशात असलेला माणूस गाडी बाजूला घेतो, इन्शुरन्सचा कागद देतो आणि थांबतो. ज्याची गाडी ठोकली गेली तो तुम्ही असाल, मी असेन. तुमच्या बंपरचे पैसे त्याच्या इन्शुरन्समधून यावेत की तुमच्या डिडक्टिबलमधून, म्हणजे तुमच्याच खिशातून, एवढा साधा हिशोब आहे. लॉस एंजेलिसचे त्यावेळचे पोलिस प्रमुख चार्ली बेक यांनी 2012 मध्येच अशा लायसन्सला जाहीर पाठिंबा दिला होता. पोलिसाला गाडी थांबवल्यावर पहिलं काय पाहिजे असतं तर समोरचा माणूस कोण आहे हे कळायला पाहिजे. बनावट नाव सांगणाऱ्या माणसापेक्षा खरं नाव, खरा पत्ता, फोटो असलेला माणूस केव्हाही बरा.

न्यू जर्सीत लायसन्स नसताना चालवलं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड किंवा साठ दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. सिटिझनसाठी ते एक तिकीट असतं, डोकेदुखी असते, संपतं. ज्याच्याकडे स्टेटस नाही त्याच्यासाठी मागचा लाइट फुटलेला असणं हेसुद्धा देशाबाहेर जाण्याचं कारण होऊ शकतं. पहाटे हॉटेलच्या किचनमध्ये भाजी चिरायला जाणारा, वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करणारा, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला घरोघरी जाणारी बाई, हे सगळे गाडीनेच जातात कारण त्या वेळेला बस नसते. एडिसनजवळच्या ओक ट्री रोडवर आपण ज्या दुकानांतून श्रीखंड आणि चकलीची पाकिटं घेतो तिथल्या मागच्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या माणसांमध्येही असे लोक आहेत. आपल्याला ते दिसत नाहीत किंवा आपण बघत नाही.

आणि हे फक्त मेक्सिकोचे लोक आहेत असं समजू नका, ही आपल्या लोकांची फार मोठी गैरसमजूत आहे. प्यू रिसर्चच्या अंदाजाने 2022 मध्ये अमेरिकेत स्टेटस नसलेले भारतीय साधारण 7 लाख 25 हजार होते, मेक्सिको आणि एल साल्वाडोरनंतर तिसरा नंबर. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकन लष्कराचं विमान 104 भारतीयांना हातापायात बेड्या घालून अमृतसरला उतरलं ते आठवत असेल, त्यात बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते पण तीन जण आपल्या महाराष्ट्राचेही होते. सगळेच काही जंगलातून चालत येत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर येऊन राहिलेले असतात, कॉलेज सोडलेले विद्यार्थी असतात, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत असेही असतात जे कालपर्यंत अगदी तुमच्यासारखे होते. नोकरी गेली की एच-वन-बीवाल्याला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यात नवा एम्प्लॉयर मिळाला नाही, किंवा मिळाला आणि पिटिशन नाकारलं गेलं, की इतकी वर्षं नियमाने राहिलेला माणूस, घराचा हप्ता भरणारा, मुलांना शनिवार-रविवार मराठी शाळेत सोडणारा, तो एका पत्राने त्या दुसऱ्या यादीत जातो. मी असे कुटुंबप्रमुख समोर बसलेले बघितलेत. त्यातला पहिला प्रश्न बहुतेकदा ग्रीन कार्डचा नसतो, मुलांना शाळेतून आणायला गाडी चालवू शकतो का हा असतो.

तर तुमचा मुख्य आक्षेप, की ही नियम मोडणाऱ्याला बक्षिसी आहे. हा आक्षेप मी हलका घेत नाही, एच-वन-बीवर दहा-दहा वर्षं रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते वाटणं स्वाभाविक आहे. पण लायसन्स मिळून त्या माणसाला काय मिळालं ते बघा. काम करायची परवानगी नाही मिळाली. ग्रीन कार्ड नाही, त्याच्या दिशेने एक पाऊलसुद्धा नाही. ते दाखवून विमानात बसता येत नाही. उद्या आयसने पकडलं तर लायसन्स ढाल होत नाही. आणि तुमची रांग एका दिवसानेही लांबली नाही, कारण तुमची रांग लांबलीये ती वर्षाला एक लाख चाळीस हजार एम्प्लॉयमेंट ग्रीन कार्डं आणि त्यात एका देशाला सात टक्के ह्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, घातलेल्या मर्यादेमुळे. तो राग तिकडे काढा, तिकडे काढण्यासारखा आहे. नाराजीला जवळचं आणि दुबळं माणूस सापडतं म्हणून ती तिकडे वळते आणि काँग्रेसमधल्या लोकांना त्याचं बरंच असतं.

मतदानाचं म्हणाल तर केंद्राच्या निवडणुकीत नॉन-सिटिझनने मत देणं हा गुन्हा आहे, लायसन्स कुठलंही असो. पण ह्यात विरोधकांच्या काळजीला काहीच आधार नाही असं मी म्हणणार नाही, कारण डीएमव्हीमध्ये मतदार नोंदणी होते आणि डीएमव्ही चुका करतात. ऑरेगॉनमध्ये 2024 मध्ये उघड झालं की बाराशेवर लोकांची नोंदणी त्यांनी सिटिझनशिपचा पुरावा दिलेला नसताना झाली होती, कारण कर्मचाऱ्याने परदेशी पासपोर्ट घेतला आणि सिस्टीममध्ये अमेरिकन पासपोर्ट असं निवडलं. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, पण व्हायला नको होतं. ह्याची किंमत सरकारपेक्षा त्या माणसाला जास्त पडते. सिटिझन नसताना सिटिझन आहे असं सांगितलं तर इमिग्रेशन कायद्यात त्याला जवळपास माफी नाही, ग्रीन कार्ड जाऊ शकतं, आयुष्यभरासाठी दार बंद होऊ शकतं. न्यू जर्सीतही 2018 पासून एमव्हीसीमध्ये, म्हणजे इथल्या डीएमव्हीमध्ये, मतदार नोंदणी आपोआप होते. म्हणून माझ्या प्रत्येक क्लायंटला, मग तो एच-वन-बी असो, ग्रीन कार्डवाला असो की काहीच नसलेला, मी एकच सांगते की काउंटरवर काय विचारतायत ते नीट ऐका, मतदार नोंदणीला स्पष्ट नाही म्हणा, सही करायच्या आधी फॉर्म वाचा, नंतर चुकून मतदार कार्ड घरी आलं तर कुणाला तरी दाखवा, ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका.

सध्या अजून एक गोष्ट ह्यात कालवली जातेय ती म्हणजे ट्रक. ऑगस्ट 2025 मध्ये फ्लोरिडात एका भारतीय ट्रक ड्रायव्हरच्या यू-टर्नमुळे तीन जण गेले, त्यानंतर वाहतूक मंत्री शॉन डफी यांनी सप्टेंबरमध्ये तातडीचा नियम काढला आणि परदेशी लोकांना मिळणारं व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, फक्त दोन-तीन व्हिसांपुरतं ठेवलं, नोव्हेंबरमध्ये कोर्टाने त्याला स्थगिती दिली. तीन माणसं मेली त्याबद्दल कुणाच्या मनात दुमत नाही आणि ट्रकचं लायसन्स देताना परीक्षा कडक असायलाच पाहिजे. पण सीडीएलला आधीपासूनच वर्क परमिट लागत होतं, न्यू जर्सीचं स्टँडर्ड कार्ड किंवा कॅलिफोर्नियाचं एबी 60 घेऊन कुणी ट्रेलर चालवू शकत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत. टीव्हीवर ते एकत्र दाखवतात आणि मग पंजाबी ट्रकवाल्यांच्या सगळ्या समाजाला त्याचा चटका बसतो, ज्यांच्याकडे रीतसर परमिट आहे त्यांनासुद्धा.

ज्यांच्याकडे स्टेटस नाही त्यांनी लायसन्स घ्यावं का, असं मला ओळखीच्या लोकांसाठी दबक्या आवाजात विचारलं जातं. इथे मी सरसकट हो म्हणत नाही. लायसन्स घेतलं म्हणजे सरकारी कॉम्प्युटरमध्ये फोटो आणि पत्ता गेला. 2019 मध्ये उघड झालं होतं की यूटा आणि व्हरमाँटमध्ये आयसच्या विनंतीवरून डीएमव्हीच्या फोटोंवर चेहरा ओळखायचं सॉफ्टवेअर चालवलं गेलं, आणि लायसन्स घेताना त्या माणसांना कुणी हे सांगितलं नव्हतं. विश्वासघात आहे हा, मला दुसरा शब्द सापडत नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने म्हणूनच कायद्यात लिहिलं की कोर्टाच्या कागदाशिवाय इमिग्रेशनसाठी माहिती द्यायची नाही. न्यूयॉर्कच्या ह्याच कलमावरून केंद्राने फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या रहिवाशांचे ग्लोबल एंट्रीचे, म्हणजे विमानतळावर इमिग्रेशन लवकर उरकायच्या योजनेचे, अर्ज बंद केले, जुलैमध्ये परत सुरू केले आणि कोर्टात कबूल करावं लागलं की आधी दिलेली काही माहिती चुकीची होती, मग फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने न्यूयॉर्कवर केस टाकली. म्हणजे भिंत आहे, पण तिच्यावर सतत हातोडा पडतोय. ज्या माणसावर आधीच डिपोर्टेशनची ऑर्डर आहे त्याने वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही काउंटरवर जाऊ नये. ज्याला रोज गाडी चालवावीच लागते, राज्य माहिती जपणारं आहे, मागे काही गुन्हा किंवा ऑर्डर नाही, त्याला मात्र विनापरवाना चालवण्यात जास्त धोका आहे असं माझा अनुभव सांगतो. आणि लायसन्ससाठी खोटी कागदपत्रं दिली तर आहे ती थोडीफार संधीही जाते.

आता तुमचं. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून 60 दिवसांत लायसन्स बदलून घ्यावं लागतं. तुमचं टेक्ससचं संपलेलं आहे, म्हणजे इथे परीक्षा पुन्हा द्यावी लागू शकते, त्यामुळे तिथे असतानाच एक्स्टेन्शनची रिसीट घेऊन डीपीएसमध्ये, म्हणजे टेक्ससच्या लायसन्सच्या ऑफिसात, परत जा, तपासणी पूर्ण करून घ्या आणि चालू लायसन्स घेऊन इकडे या. तोपर्यंत चालवू नका, दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे म्हणून चालवतात आणि नेमका तेव्हाच कुणीतरी मागून ठोकतो, मग इन्शुरन्स कंपनीचे प्रश्न वेगळे आणि पुढच्या इमिग्रेशन फॉर्मवर तिकिटाचं उत्तर द्यावं लागतं ते वेगळं.

इथे आल्यावर मी तुमच्या जागी असते तर रिअल आयडीच्या मागे न लागता स्टँडर्ड घेतलं असतं. त्याला व्हिसाची तारीख चिकटत नाही, एक्स्टेन्शन लांबलं तरी गाडीला कुलूप लागत नाही. 7 मे 2025 पासून देशांतर्गत विमानाला रिअल आयडी लागतं हे खरं, पण चालू भारतीय पासपोर्ट विमानतळावर चालतो, तेवढा बरोबर ठेवायचा. आय-94 ची आणि आय-797 ची, म्हणजे इमिग्रेशनकडून आलेल्या नोटिशीची, प्रत गाडीत किंवा बॅगेत ठेवत जा, कारण अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा हा जुना कायदा आहे आणि हल्ली तो विचारला जातो.

बायको एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणालात.  न्यू जर्सीत स्टँडर्ड लायसन्ससाठी तिचा आयटीआयएन चालेल आणि तोही नसेल तर पात्र नसल्याचं लिहून द्यायचं. ही सोय ज्या कायद्यात आहे तो तुम्ही ज्याच्यावर चिडलात तोच 2019 चा कायदा, आणि तो करून घ्यायला इथल्या शेतमजुरांनी, घरकाम करणाऱ्या बायकांनी, कागद नसलेल्या आईबापांच्या मुलांनी वर्षानुवर्षं राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, खेटे घातलेत. तिची अपॉइंटमेंट तुमच्याबरोबरच घ्या, आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी लीजवर किंवा बँकेच्या स्टेटमेंटवर तिचं नाव आत्तापासूनच घालून ठेवा, एच-फोरवाल्या बायकांचं काम नेमकं त्या एका कागदावर अडतं.